अमृतनाकाची पेटी आणि कादंबरीतल्या राणीचे लग्न

ऐतिहासिक कादंबऱ्या वाचणाऱ्या आपल्या तरुण मित्रांशी आम्हाला आज थोडे भांडायचे आहे. भांडण वाचनाशी नाही. जळगाव-धुळ्याकडच्या वस्तीतल्या पोराने हातात जाड पुस्तक धरले, याचा आनंद आम्हाला कुणापेक्षा कमी नाही. पण वाचनालयात ज्या पुस्तकाच्या पाठीला चिकटपट्ट्या लावून ते पुन्हा पुन्हा दिले जाते, ते बहुधा किल्ला, तलवार आणि अंबारीचे असते. त्या पुस्तकात एक लग्न असतेच. भांडण त्या लग्नाशी आहे.

त्या लग्नाचा साचा ठरलेला आहे. दोन घराण्यांत वैर असते किंवा वैर संपवायचे असते. वडीलधारे सदरेवर बसून सोयरीक जुळवतात. मुलगी झरोक्याच्या आड उभी असते, दासी तिला चिडवत असते. मग चौघडा, हत्ती, अक्षता. पहिल्या रात्री संकोच, पुढच्या प्रकरणात ओढ, त्यापुढच्या प्रकरणात विरह. आणि नवरा पडला की शांत चेहऱ्याने चितेकडे चालत जाणे. वाचकाच्या डोळ्यांत पाणी येते. पुस्तक मिटून तो उठतो तेव्हा त्याच्या मनात एक गोष्ट पक्की बसलेली असते: बापाने ठरवलेल्या लग्नातूनच खरे प्रेम उगवते, आणि जिने स्वतःचे स्वतः ठरवले ती कुठेतरी उथळ, घराण्याला बट्टा लावणारी.

रणजित देसाईंची 'स्वामी' १९६२ मध्ये आली आणि तिने मराठी घराघरांत माधवराव-रमाबाईंचे दांपत्य नेऊन बसवले. लहानपणीच लावलेले लग्न. १७७२ मध्ये थेऊरला माधवराव गेले आणि रमाबाई सती गेल्या, हा इतिहास आहे. तो कादंबरीत आला याबद्दल तक्रार नाही. तक्रार ही की दोन पिढ्यांनी तो दांपत्यप्रेमाचा कळस म्हणून वाचला. त्याच्याही कितीतरी आधी हरिभाऊ आपट्यांनी 'गड आला पण सिंह गेला' लिहिली. तिच्यात कमलकुमारी नावाची रजपूत स्त्री सती जायला निघालेली असते आणि उदयभान तिला पळवून नेतो. वाचकाचा सगळा जीव उदयभानाच्या दुष्टपणावर लागतो. त्याने केले ते दुष्टच. पण त्याने पळवली नसती तर ती जळून मेली असती आणि तेच तिचे भाग्य ठरले असते, हे वाचकाच्या ध्यानातसुद्धा येत नाही. बाईपुढे दोन वाटा, एक चिता आणि दुसरी जबरदस्ती. तिसरी वाट लेखकाला सुचतच नाही आणि वाचकाला तिची उणीव भासत नाही, हेच या साहित्याचे यश आहे.

बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात 'भारतातील जाती' हा निबंध वाचला तेव्हा ते पंचविशीत होते. जातीअंतर्गत विवाह हेच जातीचे खरे लक्षण, हे त्यातले सूत्र आपल्या प्रत्येक शिबिरात सांगितले जाते. पण त्या निबंधातला पुढचा भाग शिबिरात फारसा कुणी उलगडत नाही. जात बंद ठेवायची तर पुरुष आणि बाई यांची संख्या जुळलेली राहिली पाहिजे. नवरा मेला तर बायको 'जादा' ठरते. तिला जाळा नाहीतर वैधव्यात कोंडा. बायको मेली तर पुरुष 'जादा' ठरतो; त्याला जाळणे परवडत नाही, म्हणून त्याला कोवळी पोर द्या. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तीन रूढींचा हिशेब बाबासाहेबांनी असा मांडला. आणि पुढे ते म्हणतात त्याचा आशय असा: या रूढींची एवढी थोरवी गायली गेली, कारण थोरवी गायल्याशिवाय त्या गळी उतरल्याच नसत्या. कडू औषधाला साखर लागते. ती साखर पूर्वी पुराणांनी पुरवली. छापखाना आल्यावर ऐतिहासिक कादंबरीने ती पुरवली आणि आता पडद्यावरचा भव्य सेट ती पुरवतो. आमचे म्हणणे एवढेच आहे, की साखर ओळखा.

साखर काढून टाकली तर खाली काय उरते ते पाहायला पुण्याला किंवा राजस्थानला जायची गरज नाही. आपल्या खानदेशातच ते पडलेले आहे.

मुंबई-आग्रा महामार्गालगत धुळ्याच्या दक्षिणेला लळिंगचा किल्ला आहे. आपल्या लोकांना लळिंग माहीत आहे ते वेगळ्या कारणाने. ३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेब कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आले तेव्हा लळिंगच्या कुरणातल्या लांडोर बंगल्यात त्यांचा मुक्काम झाला. दरवर्षी ३१ जुलैला तिथे भीमसैनिक जमतात, पुस्तकांचे आणि निळ्या झेंड्यांचे स्टॉल लागतात. त्या गर्दीतल्या किती जणांना ठाऊक असेल, की समोर दिसणाऱ्या त्या गडावर एका लग्नाचा शेवट झाला होता?

चौदाव्या शतकाच्या अखेरीस मलिक राजा फारुकीने थाळनेरला, म्हणजे आजच्या शिरपूर तालुक्यात, आपली गादी उभी केली. खानदेशाच्या फारुकी घराण्याची ही सुरुवात. नवे राज्य टिकवायचे तर शेजारी मोठा हवा. म्हणून मलिक राजाने माळव्याच्या दिलावरखानाशी सोयरीक केली. दिलावरखानाची मुलगी मलिक राजाच्या मुलाला, आणि मलिक राजाची मुलगी दिलावरखानाच्या मुलाला. आपल्याकडे याला साटेलोटे म्हणतात. गावात दोन शेतकरी करतात तेव्हा त्याला मागासपणा म्हणायचे आणि दोन सुलतान करतात तेव्हा मुत्सद्देगिरी. दोन्हीकडे मुलींना कुणी विचारले नाही, एवढे साम्य मात्र शाबूत आहे.

ज्या मुलाला माळव्याची मुलगी मिळाली तो नासिरखान. त्याने बुऱ्हाणपूर वसवले. त्यानेही बापाचाच कित्ता गिरवला आणि आपली मुलगी बहमनी शहजाद्याला दिली. तोच शहजादा पुढे अलाउद्दीन अहमदशहा दुसरा म्हणून बीदरच्या तख्तावर बसला आणि खानदेशची ही आंडेर त्या दरबारात मलिका-ए-जहाँ झाली. कादंबरी इथे संपली असती. पण इतिहास पुढे चालला. १४३६ च्या सुमारास बहमनी फौजा कोकणात उतरल्या आणि संगमेश्वरच्या राजाने शरण येताना आपली मुलगी सुलतानाला दिली. परीचेहरा असे तिचे नाव हकिकतीत येते. ते तिच्या आईबापांनी ठेवलेले नाव नव्हे हे उघड आहे. तिचे खरे नाव लिहून ठेवायची कुणाला गरज वाटली नाही. सुलतान तिच्यात रमला. मलिकेने बापाला पत्र लिहिले.

त्या पत्रावर नासिरखानाने वऱ्हाडावर स्वारी केली. बहमनी सेनापती खलफ हसन बसरीने त्याचा रोहिणखेडला पराभव केला, त्याच्यामागे खानदेशात शिरून बुऱ्हाणपूर लुटले आणि शेवटी नासिरखानाला लळिंगच्या आसऱ्याला यावे लागले. तिथेही हार झाली. १४३७ मध्ये नासिरखान मेला. जुने तवारीखकार याला सवतीमत्सरातून झालेली लढाई म्हणतात. म्हणजे दोष कुणाचा? बायकांचा! एका बापाने मैत्रीसाठी पोर दिली, दुसऱ्या बापाने जीव वाचवण्यासाठी पोर दिली, एका सुलतानाने दोघी घेतल्या. या तिघांचा मत्सराशी काही संबंध नाही. बुऱ्हाणपूर लुटले गेले तेव्हा ज्या विणकरांची आणि बलुतेदारांची घरे गेली त्यांचा तर इतिहासाशीच संबंध नाही.

आम्हाला या गोष्टीत ते पत्र महत्त्वाचे वाटते. मध्ययुगातल्या ठरवून केलेल्या लग्नात दिलेल्या मुलीने आपले दुःख कागदावर उतरवले, आणि ते ऐकून बापाने केले काय? तिला घरी आणले नाही. फौज काढली. अपमान तिचा नव्हताच, त्याचा होता. आजही खानदेशातल्या कितीतरी घरांत नांदायला गेलेली मुलगी फोनवर रडते, तेव्हा बाप आणि भाऊ 'आपल्या घराण्याची' बोलणी करायला जीप भरून जातात आणि मुलीला तिथेच ठेवून परत येतात. फरक फौजेचा.

दुसरी गोष्ट बागलाणची. बागलाण आज नाशिक जिल्ह्यात असला तरी जुन्या खानदेशाचाच भाग होता. गुजरातचा राजा कर्ण वाघेला १२९९ च्या स्वारीत राज्य गमावून इकडे आला. त्याची राणी कमलादेवी दिल्लीला अलाउद्दीन खिलजीच्या जनान्यात गेली, आणि धाकटी मुलगी देवलदेवी बापाजवळ बागलाणात राहिली. देवगिरीच्या यादवांचा शंकरदेव तिला मागणी घालत होता. फेरिश्ता नावाच्या इतिहासकाराने यापुढे जे लिहिले आहे ते ध्यानात ठेवण्यासारखे आहे: कर्ण रजपूत होता आणि मराठ्याला मुलगी देणे त्याला कमीपणाचे वाटत होते. राज्य गेले, राणी गेली, राहायला जेमतेम एक डोंगरी मुलूख उरला, तरी जातीचा तोरा उरलाच. अगदी खिलजी फौज अंगावर आली तेव्हा कुठे तो कबूल झाला. शंकरदेवाचा भाऊ मुलीला घेऊन देवगिरीकडे निघाला आणि वेरूळजवळ, लेणी पाहायला आलेल्या सैनिकांच्या टोळीशी गाठ पडून, ती पकडली गेली. दिल्लीत तिचे लग्न अलाउद्दीनच्या मुलाशी, खिज्रखानाशी झाले.

यावर अमीर खुस्रोने फारसीत मोठे प्रेमकाव्य लिहिले, आणि ते लिहवून घेतले खुद्द खिज्रखानाने. त्या काव्याच्या हिशेबाने दोघांच्या लग्नाची गोष्ट निघाली तेव्हा देवलदेवी आठ वर्षांची होती आणि खिज्रखान दहा. या कथेतले खरे किती आणि रचलेले किती यावर इतिहासकारांनी वाद घातले आहेत. घालोत. आमच्या मुद्द्याला रचलेले असले तर अधिकच बळ मिळते. आठ वर्षांची पोर आईपासून तुटली, बापापासून तुटली, सैनिकांच्या हाती लागली, आणि कवीला त्यात प्रेमकहाणी दिसली. साडेपाचशे वर्षांनी, १८६६ मध्ये, नंदशंकर मेहतांनी याच कर्ण राजावर 'करण घेलो' लिहिली. गुजराती भाषेतली ती पहिली कादंबरी मानली जाते. म्हणजे आपल्या शेजारच्या भाषेत कादंबरी जन्माला आली तीच या पोरीच्या पाठीवर.

आज ही कथा कुणी सांगितली तर 'हिंदू मुलगी, मुसलमान सुलतान' एवढेच सांगितले जाते. सभागृह पेटवायला तेवढे पुरते. पण त्याच कथेत हिंदू बाप हिंदू वराला केवळ जातीच्या तोऱ्यापायी नकार देतो, तो परिच्छेद कुणी वाचून दाखवत नाही. कादंबरीतला खलनायक नेहमी बाहेरून येतो. घरातला खलनायक झरोक्याला पडदा लावून बसलेला असतो.

हिंदू राजांच्या घरी तरी जातीला रजा होती का? १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेकाच्या आधी छत्रपती शिवाजी महाराजांची मुंज करण्यात आली आणि संसार करत असलेल्या राण्यांशी त्यांचे समंत्रक लग्न पुन्हा लावण्यात आले. ज्याच्या तलवारीपुढे आदिलशाही झुकली, त्याचे लग्न लग्न आहे की नाही हे ठरवण्याचा अधिकार मात्र पोथीवाल्यांकडे राहिला. 'शूद्र पूर्वी कोण होते?' या ग्रंथात बाबासाहेबांनी या प्रसंगाची चिरफाड केलेली आहे. कादंबऱ्यांत आणि मालिकांत तोच सोहळा सोन्याच्या ताटांनी भरून जातो. बाजीरावाचेही तसेच. छत्रसालाने मस्तानी दिली ती राज्याच्या वाट्यासोबत दिली, म्हणजे हेही ठरवलेलेच लग्न. पण मुलगी जातीच्या कुंपणाबाहेरची निघाली म्हणून पेशव्यांच्या घराने आणि पुण्याच्या भिक्षुकशाहीने तिला सून मानले नाही. ना. सं. इनामदारांच्या 'राऊ'वरून २०१५ मध्ये जो चित्रपट निघाला त्यावर महाराष्ट्रात गदारोळ कशावरून झाला? काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचल्या यावरून. मस्तानीला बाहेर ठेवणाऱ्या जातिव्यवस्थेवरून कुणाची झोप उडाली नाही.

या सगळ्या साहित्यात आपण कुठे आहोत? दिवटी धरणारा, निरोप पोचवणारा, वेशीवर पहारा देणारा. नायक कधीच नाही. फक्त एका गोष्टीत आपला माणूस नायक आहे आणि ती गोष्ट कादंबरीकारांनी नव्हे, आपल्या आज्या-पणज्यांनी जपली. अमृतनाकाची गोष्ट.

आख्यायिका आपल्या घरांत वेगवेगळ्या तऱ्हेने सांगतात. बीदरच्या बादशहाची बेगम (कुणी शहजादी म्हणतात) पळवली गेली. तिला सोडवून आणायला कुणी तयार होईना. अमृतनाक महार उठला. जाण्याआधी त्याने बादशहाकडे एक बंद पेटी ठेवायला दिली. मोठे साहस करून त्याने बेगमेला परत आणले. तेव्हा दरबारात कुजबुज सुरू झाली: वाटेत काय काय झाले असेल? अमृतनाक म्हणाला, पेटी उघडा. पेटीत त्याने स्वतःच्या हाताने कापून ठेवलेले स्वतःचे लिंग होते. बादशहा खूश झाला, माग म्हणाला. अमृतनाकाने आपल्या जातीसाठी बावन्न हक्क मागून घेतले.

ही गोष्ट आणि कुठलीही ऐतिहासिक प्रेमकादंबरी शेजारी ठेवून वाचा. संकटातल्या राजकन्येला सोडवले की कादंबरीच्या नियमाने ती सोडवणाऱ्याच्या गळ्यात माळ घालते. नायक उच्चकुलीन असेल तर. नायक महार असेल तर त्याने जाण्यापूर्वीच स्वतःला कापून घ्यायचे, कारण परत आल्यावर त्याच्या शब्दावर कुणी विश्वास ठेवणार नाही हे त्याला आधीच माहीत आहे. आणि बक्षीस? मेलेल्या ढोराचे कातडे, प्रेतावरचे कापड, दारोदारची भाकर. ज्या वतनाला आपले पूर्वज हक्क समजत होते ते गुलामीचे दोरखंड आहे, हे सांगत बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतनाविरुद्ध विधेयक आणले. त्या दोरखंडाचे एक टोक या पेटीत आहे. जातीअंतर्गत लग्नाचा नियम काय असतो हे समजावून सांगायला आम्हाला याहून नेमकी गोष्ट माहीत नाही. वरच्या जातीच्या बाईला सासरी पाठवताना पालखी लागते आणि खालच्या जातीच्या पुरुषाला तिच्या शेजारून चालताना पेटी लागते. पालखी आणि पेटी एकाच सुताराने बनवलेली आहे.

यावर आम्हाला एक उत्तर नेहमी ऐकवले जाते, की काळच तसा होता, जुन्या काळाला आजची मापे लावू नका. ठीक. मग हरिभाऊ आपट्यांना विचारा. १८९० च्या सुमारास 'पण लक्षांत कोण घेतो' मध्ये यमूच्या तोंडून बालविवाहाचा, वैधव्याचा, केशवपनाचा नरक याच माणसाने लिहिला. त्या लेखणीला सगळे दिसत होते. सामाजिक कादंबरी लिहिताना जे दिसले तेच ऐतिहासिक कादंबरीच्या देवडीवर चपलांबरोबर काढून ठेवले गेले. आणि धुळ्याबद्दलच बोलायचे तर इतिहासाचार्य राजवाडे १९२६ मध्ये धुळ्यातच वारले, त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आजही तिथे आहे. राजवाडे आपल्या बाजूचे नव्हते, ब्राह्मण्याचा अभिमान त्यांच्या पानापानांत आहे. तरी त्याच राजवाड्यांनी 'भारतीय विवाहसंस्थेचा इतिहास' लिहून दाखवून दिले की लग्न ही काही आकाशातून पडलेली, कधी न बदललेली गोष्ट नाही. त्यांच्या दफ्तरांतून कादंबरीकारांनी लढाया उचलल्या, हे पुस्तक मात्र तिथेच ठेवले.

काळ तसा होता म्हणता, तर आजचा काळ कसा आहे? एप्रिल २०२५ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्यात, हळदीच्या कार्यक्रमात, स्वतःच्या मर्जीने लग्न केलेल्या मुलीवर गोळी झाडून तिचा खून केल्याचा गुन्हा तिच्या बापावर नोंदवला गेला. ही बातमी वाचताना अनेकांनी हळूच म्हटले, 'बापाच्या मनाचा पण विचार करा.' हे वाक्य कुठून येते? त्या माणसांनी मनुस्मृती वाचलेली नसते. त्यांनी घराण्याच्या इभ्रतीसाठी पोटच्या पोरीवर तलवार उपसणारा, आणि उपसताना डोळ्यांत पाणी आणणारा बाप पडद्यावर पाहिलेला असतो. नगर जिल्ह्यात सोनई २०१३ मध्ये झाले आणि खर्डा २०१४ मध्ये. नागराज मंजुळेंनी २०१६ मध्ये 'सैराट' काढला तेव्हा त्यांना काही कल्पनेतून आणावे लागले नाही. 'सैराट'ची गाणी मात्र लोकांनी वरातीत वाजवली, आणि त्या वराती जातीतल्याच होत्या!

देशभरच्या एका मोठ्या कुटुंब-सर्वेक्षणात आंतरजातीय लग्ने शंभरात पाचच्या आसपास निघाली होती. शासन आंतरजातीय जोडप्याला ५० हजार रुपये देते आणि त्याच शासनाने डिसेंबर २०२२ मध्ये आंतरजातीय व आंतरधर्मीय लग्नांची माहिती गोळा करणारी समिती काढली. ओरड झाली तेव्हा त्यातले 'आंतरजातीय' गाळून 'आंतरधर्मीय' तेवढे ठेवले. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने लग्न करायचे तर ३० दिवसांची नोटीस फळ्यावर लागते. प्रेम करणाऱ्यांनी ती फळ्यावर लावायची आणि भावकीने तिचा फोटो काढून गावात पाठवायचा. झरोका गेला, फळा आला.

आता जरा घरचे बोलू, कारण हे सगळे वाचून जर कुणी 'बघा त्यांचे कसे आहे' म्हणून हसत असेल तर लेख फुकट गेला.

आपल्या वधू-वर परिचय मेळाव्याचा फॉर्म हातात घ्या. धर्म: बौद्ध. त्याखाली हळूच एक रकाना असतो, किंवा रकाना नसला तर संयोजक फोनवर विचारतात: सोमवंशी की लाडवन? मूळ गाव कोणते? म्हणजे कोण ते कळते. मातंग, चर्मकार, भिल्ल, पारधी घरातले स्थळ तर विषयातच नाही. बावीस प्रतिज्ञा घेतल्या आणि पोटजात तशीच ठेवली, हा हिशेब कोणत्या बुद्धाला मान्य होईल? मेळाव्यातून लग्न ठरते आणि मग फोटोवाल्याकडून 'शिवकालीन' नाहीतर 'पेशवाई' थीम निवडली जाते. नवरी पालखीत, नवरा फेट्यात, मागे तुताऱ्या. घोड्याबद्दल आमचा गैरसमज करून घेऊ नका. ज्या देशात दलित नवरदेवाला घोड्यावरून ओढून मारतात, तिथे घोड्यावर बसणे हा आपला हक्क आहे आणि तो बजावलाच पाहिजे. पण घोड्यावर बसताना पेशव्याचा पोशाख कशाला? त्या पेशवाईत आपल्या गळ्यात मडके होते.

रमाईवर आज पुस्तके, नाटके, मालिका येतात, आणि त्यांतही तोच साचा शिरलेला आम्हाला दिसतो. १९०६ मध्ये भायखळ्याच्या बाजाराच्या शेडमध्ये ते लग्न झाले तेव्हा बाबासाहेब शाळकरी होते आणि रमाई नऊएक वर्षांच्या. ते बालविवाहाच्या काळातले, वडिलांनी ठरवलेले लग्न होते. रमाईने उपसलेले कष्ट, गमावलेली लेकरे यांच्यापुढे आपण नतमस्तक आहोत. बाबासाहेबांनी पाकिस्तानवरचा आपला ग्रंथ त्यांना अर्पण केला. पण त्या दुःखाला 'आदर्श सुनेचा त्याग' असे गोड नाव देऊन आजच्या मुलीला 'रमाईसारखी हो' म्हणून गप्प बसवणे, हे आपण 'स्वामी'च्या रमाबाईचेच निळे रूप तयार करणे आहे. त्याच बाबासाहेबांनी १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत डॉ. शारदा कबीर यांच्याशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. दोन प्रौढ माणसे, दोन जाती, स्वतःचा निर्णय. १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'त त्यांनी आंतरजातीय विवाह हा खरा उपाय म्हणून लिहिला होता, तो इथे आचरणात आणला. मग त्या लग्नावर आपल्याकडे एकही लोकप्रिय कादंबरी का नाही? उलट बाबासाहेबांच्या पश्चात माईसाहेबांना आपल्याच लोकांच्या संशयात कित्येक वर्षे काढावी लागली. बाबासाहेबांच्या बापाने ठरवलेले लग्न आपल्याला प्रेमकथा वाटते, आणि बाबासाहेबांनी स्वतः ठरवलेले लग्न अडचणीचे वाटते. यात साखर कुणाची आहे?

मामाने स्थळ सुचवले म्हणून कुणी मनुवादी होत नाही, एवढे आम्हालाही कळते. मध्यस्थ असायला हरकत नाही. आम्ही दोनच गोष्टी विचारतो. मुलीला 'नाही' म्हणता येते का, आणि म्हटल्यावर घरात तिच्या ताटात जेवण पडते का? आणि मामाच्या वहीत आपल्या जातीबाहेरचे एक तरी नाव आहे का? दोन्हीला उत्तर 'हो' असेल तर खुशाल पत्रिका छापा. जोतिरावांच्या सत्यशोधक समाजाने १८७३ मध्येच ब्राह्मणावाचून लग्न लावून दाखवले आणि त्यांच्या मंगलाष्टकांत वधूला वराकडे हक्क मागायला तोंड दिले. दीडशे वर्षांपूर्वीची ती वधू बोलत होती. आजच्या आपल्या लग्नातली वधू त्रिशरण-पंचशील होईपर्यंत खाली मान घालून बसते आणि मग ड्रोनकडे पाहून हसते.

लेखक होऊ पाहणाऱ्या आपल्या मुला-मुलींना आमची विनंती आहे. खानदेशचे मध्ययुग लिहा. थाळनेर, लळिंग, बुऱ्हाणपूर, बागलाण, सगळे एका दिवसाच्या एसटीच्या अंतरावर आहे. मलिकेने बापाला लिहिलेले पत्र लिहा. संगमेश्वरच्या मुलीचे मूळ नाव शोधता येणार नाही, ते द्या. फेरिश्त्याचा तो परिच्छेद गाळू नका. अमृतनाकाने पेटी बंद केली त्या रात्री त्याच्या घरी कोण होते, त्याची बायको काय म्हणाली, हे आजवर कुणीही विचारलेले नाही. अहिराणीत लिहिलेत तर अधिक चांगले, प्रकाशक नाही म्हणाले तर झेरॉक्स काढा. आणि येत्या ३१ जुलैला लांडोर बंगल्यावर ते विकायला मांडा. तिथेच जे मित्र परिचय मेळाव्याचे फॉर्म वाटत असतात, त्यांना आम्ही तो पोटजातीचा रकाना खोडलेला फॉर्म आणून देणार आहोत. छपाईचा खर्च आमचा.